खिळे, कोड आणि आजोबांच्या दऱ्या

आमच्या आजोबांनी २००२ साली एक पुस्तक काढलं होतं. पुस्तक म्हणजे काय, शंभरेक पानं, पिना मारलेली, ३०० प्रती, त्यातल्या निम्म्या नातेवाइकांना फुकट! निवृत्त मास्तर माणूस. अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर, सप्तशृंग असं आयुष्यभर नाशिकच्या आजूबाजूला पायी हिंडले आणि शेवटी ते सगळं लिहून काढलं. आजोबा गेले, पुस्तकं वाटून संपली आणि घरात उरलेल्या एकुलत्या एका प्रतीची मधली वीसेक पानं वाळवीने फस्त केली.

मागच्या महिन्यात माळा आवरताना त्या पुस्तकाची सीडी सापडली. आजी म्हणाली, "तू कॉम्प्युटरवाला ना? मग काढून दे." सीडी ड्राइव्ह मित्राकडून उसना आणला. फाइल उघडली (मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत), तर समोर काय? डोक्यावर टोपी घातलेले ए, उलटे प्रश्नचिन्ह, पौंड, कंस आणि मध्येच एखादा डॉलर. मराठीचं एक अक्षर नाही. आजी चष्मा लावून शेजारी बसलेली. "हे काय इंग्रजीत केलंय का रे?"

तिचा प्रश्न तसा बरोबर होता. त्या काळातल्या बहुतेक मराठी फॉन्टची ट्रिक एकच होती. कॉम्प्युटरच्या लेखी तुम्ही इंग्रजीच टाइप करताय. फक्त फॉन्ट त्या त्या जागी इंग्रजी अक्षराऐवजी देवनागरी तुकडा काढून दाखवतो. फॉन्ट काढून घेतला की मुखवटा गळून पडतो. वर प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा, एकाचा 'क' तो दुसऱ्याचा 'ढ'. त्यामुळे सर्च नाही, अकारविल्हे नाही, काही नाही. मराठी वेबसाइट उघडली की आधी 'फॉन्ट डाउनलोड करा' ही पाटी यायची, ती याच भानगडीमुळे.

आता सरळ कन्व्हर्टर लिहायचा, तक्ता बनवायचा, शनिवार-रविवारात विषय संपवायचा, असा आमचा आयटी आत्मविश्वास. तक्ता बनवायला बसलो आणि लक्षात आलं की ह्या फॉन्टमध्ये 'ग' नावाचं अक्षरच नाहीये. अर्धा 'ग' आहे आणि एक सुटा काना आहे. दोन्ही शेजारी ठेवले की 'ग'! 'म'चं तेच, 'त'चं तेच. हे असं कोणी आणि का केलं असेल? इथून मी जो भरकटलो तो थेट एकोणिसाव्या शतकात पोचलो.

छापखान्यात अक्षरं शिशाच्या खिळ्यांची असायची आणि ती जुळवणारा तो खिळेजुळाऱ्या. इंग्रजीला मोजके खिळे पुरतात. देवनागरीत मात्र 'क' वेगळा, 'कि' वेगळा, 'क्क' वेगळा, 'र्की' आणखी वेगळा. सगळे ओतायचे म्हटले तर कित्येक शे खिळे आणि ते ठेवायला भिंतभर खण. मग मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये थॉमस ग्रॅहमने तुकड्यांचा मार्ग धरला: मधे अक्षर, वरच्या पट्टीत मात्रा, खालच्या पट्टीत उकार. त्याच छापखान्यात टाइप घासायच्या कामावर लागलेला एक मुलगा म्हणजे जावजी दादाजी. त्यांनी १८६४ साली स्वतःची टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ साली 'निर्णयसागर' छापखाना. निर्णयसागरचा टाइप इतका देखणा होता की आजही जुन्या संस्कृत पोथीचं पान उघडलं की नजर आधी अक्षरावर थांबते, अर्थावर नंतर. (माझ्या बाबतीत अर्थावर थांबतच नाही, तो भाग वेगळा.)

पण खिळ्यांची गर्दी काही कमी होईना. 'केसरी' छापणाऱ्या टिळकांनीसुद्धा यावर डोकं चालवलं आणि संच १९० टाइपांपर्यंत खाली आणला. राजकारण, गीतारहस्य आणि वर टाइपोग्राफी. हा माणूस झोपायचा कधी?

सगळ्यात धाडसी उपाय आमच्या जिल्ह्यातून आला, असं म्हणायला हरकत नाही. भगूरच्या सावरकरांनी लिपिशुद्धीची मोहीम काढली. इ, ई, उ, ऊ ही वेगळी अक्षरं हवीत कशाला? 'अ'लाच वेलांट्या आणि उकार द्या: अि, अी, अु, अू. झाले खिळे कमी! 'किर्लोस्कर' मासिकाने हे वळण छापूनही दाखवलं. जुने अंक चाळताना पहिली दोन पानं अडखळायला होतं, मग डोळे सरावतात. १९५३ साली लखनौच्या लिपी सुधार परिषदेने तर ऱ्हस्व वेलांटी उचलून उजव्या बाजूला ठेवायची शिफारस केली होती. म्हणजे सगळ्यांची दिशा एकच. मशीनला लिपी झेपत नाही ना, मग लिपी बदला. मी स्वतः इंजिनिअर असूनही मला हे पटत नाही. पण त्या काळात टाइपरायटरवर मोजून चाळीस-पंचेचाळीस बटणं होती आणि दुसरा मार्ग समोर नव्हता, हेही खरंच.

दुसरा मार्ग सापडला तो कॉम्प्युटर आल्यावर. आयआयटी कानपूरला १९८३ च्या सुमाराला देवनागरी टर्मिनल तयार झालं आणि तेच काम पुढे पुण्यात १९८८ साली सुरू झालेल्या सी-डॅकमध्ये 'जिस्ट' नावाने वाढलं. त्यातली कल्पना साधी पण जबरदस्त होती. साठवताना उच्चार साठवा, आकार नाही. 'कि' म्हणजे आधी क, मग इकार. वेलांटी डावीकडे काढायची, हा निर्णय पडद्यावर दाखवणाऱ्याचा. 'इस्की' नावाचं हे कोष्टक १९९१ साली भारतीय मानक झालं आणि युनिकोडमधली देवनागरी त्याच्याच १९८८ च्या आवृत्तीवर उभी आहे. आज आपण मोबाइलवर मराठी बडवतो त्याचा पाया हा!

गंमत बघा. योग्य उत्तर १९९१ साली कागदावर तयार होतं. पण विंडोज आणि डीटीपीची लाट आली ती भलत्याच मार्गाने. गल्लोगल्ली पेजमेकर, बटर पेपरवर प्रिंट, तिथून ऑफसेटला. छापून छान आलं ना, मग आत काय साठलंय ते कोण बघतो? ऑपरेटर मराठी टाइपरायटरवर शिकलेले, त्यांना आधी वेलांटी आणि मग अक्षर मारायची सवय. फॉन्टवाल्यांनी तेच उचललं. म्हणजे ग्रॅहमचे शिशाचे तुकडे दीडेकशे वर्षांनी माझ्या सीडीवर येऊन बसले होते. पुराव्यादाखल तो अर्धा 'ग' आणि सुटा काना.

विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी आली, सोबत 'मंगल' हा फॉन्ट. तो काढला र. कृ. जोशींनी. जाहिरात क्षेत्रातला कलादिग्दर्शक, पवईच्या आयआयटीत प्राध्यापक, सुलेखनकार आणि वर कवी. २००८ साली ते गेले. मंगल काही त्यांचं सगळ्यात सुंदर काम नव्हे, ऑफिसातल्या जीआरचा फॉन्ट म्हणून आपण त्याला नाकंही मुरडतो. पण तेव्हाच्या जाडजूड पिक्सेलच्या मॉनिटरवर बारीक आकारात जोडाक्षर वाचता यावं, ही अट घालून अक्षर काढून बघा म्हणजे कळेल.

असो. कन्व्हर्टरकडे वळू. वेलांटी आधी येते, ती उचलून पुढच्या अक्षरापलीकडे न्यायची. 'स्थिती'मध्ये मात्र अर्धा 'स' आणि 'थ' दोघांना ओलांडून न्यायची. रफार उलटा. 'धर्म' जुन्या फाइलीत ध, म, रफार असा येतो, तो मागे ओढून 'म'च्या आधी घालायचा. 'वर्षांनी' आलं की रफाराला काना आणि अनुस्वार दोन्ही ओलांडून मागे जावं लागतं. इथे एक रविवार गेला.

दुसऱ्या रविवारी प्रिंट आजीच्या हातात दिली, १८ पॉइंटमध्ये. पाचव्या मिनिटाला ती हसायला लागली. "अरे, हरिहरच्या खाली दर्या कुठून आला?"

आजोबांनी लिहिलं होतं 'खोल दऱ्या'. माझ्या कन्व्हर्टरने सह्याद्रीत समुद्र घुसवला होता. चूक सर्वस्वी माझी. जुन्या फॉन्टमध्ये रफार आणि आपला खास मराठी चंद्रकोरीसारखा 'र' हे दोन वेगळे तुकडे होते, मी दोन्हींना एकच समजलो. युनिकोडमध्ये ह्या 'ऱ्या'साठी जो 'ऱ' वापरतात तो मुळात द्राविडी भाषांतला 'र' लिहिण्यासाठी ठेवलेला आहे. म्हणजे आपल्या दऱ्या, सुऱ्या आणि म्हाताऱ्या दक्षिणेकडून उसन्या आणलेल्या अक्षरावर चालतात! 'ॲ'ची कथाही तशीच, त्याला स्वतःचा क्रमांक मिळायला २००८ साल उजाडलं. तोवर 'ॲसिड' लिहायचं तर 'अ'वर चंद्र ठेवायची कसरत.

दऱ्या दुरुस्त केल्या, पुन्हा प्रिंट काढली. आजी आता वाळवीने खाल्लेल्या पानांपर्यंत पोचली होती. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "इथे 'समोर कडा उभा' असं होतं. ह्यात नुसता 'कड' आलाय. हस्तलिखित मीच फेअर करून दिलं होतं ह्यांना."

पुन्हा काना गाळला की काय, म्हणून मी मूळ फाइल उघडली, त्या ओळीतला एकेक तुकडा तपासला. काना नव्हताच. २००२ सालीच टाकायचा राहिला होता.

"पेन दे," आजी म्हणाली.