डिट, डा आणि एक्क्याण्णव वर्षांची परीक्षा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग. ऑडिओमध्ये मी डिट-डा तोंडाने म्हणून दाखवले आहेत. इथे ते तुम्ही मनातल्या मनात म्हणा, पण म्हणा नक्की. सगळा विषयच त्यावर उभा आहे.

तर कल्पना करा. तुम्हाला हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओचा परवाना हवाय. थिअरीचा पेपर झाला, नियमांचा पेपर झाला. आता कानाला हेडफोन लावून बसायचं. पाच मिनिटं त्यातून फक्त एकाच सुराची पीप-पीप येणार आणि ती ऐकून कागदावर इंग्रजी अक्षरं लिहायची. आपल्याकडच्या १९७८ च्या नियमांत ग्रेड टूच्या परवान्यासाठी हा वेग मिनिटाला ५ शब्द होता. पाच अक्षरांचा एक शब्द धरायचा, म्हणजे पाच मिनिटांत १२५ अक्षरं. पाचपेक्षा जास्त चुका झाल्या तर नापास. पण त्यात एक गंमतशीर सवलत होती: कुठलंही एक मिनिट सलग, एकही चूक न करता लिहिलंत, तर पास!

आता प्रश्न असा की, ज्याला माइकवर बोलायचंय त्याला हे कशाला? आजच्या भागात याचंच उत्तर शोधायचंय. गंमत म्हणजे उत्तर एक नाही. परीक्षा तीच राहिली, पण ती घ्यायची कारणं दर पिढीत बदलत गेली.

आधी कोड समजून घेऊ

२४ मे १८४४. सॅम्युएल मोर्सने वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तारेने पहिला जाहीर संदेश पाठवला. कोड घडवण्यात त्याच्याबरोबर आल्फ्रेड व्हेल होता. कुठलं अक्षर जास्त वापरलं जातं हे ठरवायला छापखान्यातल्या खिळ्यांची मोजणी वापरली गेली, कारण ज्या अक्षराचे खिळे जास्त ते अक्षर जास्त लागणारं. म्हणून इंग्रजी ‘ई’ला एकच डिट आणि क्वचित लागणाऱ्या ‘क्यू’ला डा-डा-डिट-डा. इंजिनिअरिंगला आपण हफमन कोडिंग शिकतो ना? ते १९५२ चं. मूळ कल्पना मात्र त्याच्या शंभरेक वर्षं आधीच छापखान्यात सापडली होती.

आज वापरतात तो आंतरराष्ट्रीय मोर्स मात्र थोडा वेगळा. १८४८ मध्ये जर्मनीत फ्रीड्रिख गेर्केने मूळ कोड सुटसुटीत केला आणि १८६५ च्या पॅरिस परिषदेनंतर त्यावर आधारलेला कोड देशोदेशी मान्य झाला.

त्याचं गणित सोपं आहे. डिट एक मात्रेचा, डा तीन मात्रांचा. एकाच अक्षरातल्या आवाजांमध्ये एक मात्रा शांतता, दोन अक्षरांमध्ये तीन, दोन शब्दांमध्ये सात. म्हणजे शांतता हासुद्धा कोडचाच भाग. वेग मोजायला ‘पॅरिस’ हा शब्द प्रमाण मानतात, कारण इंग्रजी स्पेलिंगने आणि शेवटच्या शांततेसकट तो बरोबर ५० मात्रांचा होतो. यावरून मिनिटाला ५ शब्दांच्या वेगात एक डिट २४० मिलिसेकंदांचा आणि २० शब्दांच्या वेगात ६० मिलिसेकंदांचा. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

पहिलं कारण : समुद्रावरचे जीव

एप्रिल १९१२. टायटॅनिक बुडाली. जॅक फिलिप्स आणि हॅरॉल्ड ब्राइड हे तिचे दोन वायरलेस ऑपरेटर शेवटपर्यंत मोर्समध्ये मदत मागत राहिले. जवळच असलेल्या कॅलिफोर्नियन जहाजाचा एकमेव ऑपरेटर तोपर्यंत झोपायला गेला होता. इकडे अमेरिकेच्या किनाऱ्यावर संदेशांची नुसती झुंबड. ‘सगळे प्रवासी सुखरूप आहेत, जहाज ओढून आणतायत’ अशा चुकीच्या बातम्या पेपरांत छापून आल्या. या गोंधळाचं खापर मोठ्या प्रमाणावर हौशी मंडळींवर फुटलं.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत रेडिओ कायदा झाला. हौशींना परवाना सक्तीचा झाला आणि त्यांना २०० मीटर व त्याखालच्या तरंगलांबीवर ढकललं गेलं. तेव्हा त्या लहरी निरुपयोगी समजल्या जात. परवान्यासाठी मोर्सची परीक्षा आली, मिनिटाला ५ शब्द.

त्या काळी ही अट अगदी रास्त होती. समुद्रावरचे संकटसंदेश मोर्समध्येच यायचे. तुम्ही ट्रान्समीटर चालवताय आणि कोणी ‘थांबा, जहाज बुडतंय’ असं सांगतंय, तर ते तुम्हाला कळायलाच हवं. वाहन चालवणाऱ्याला लाल दिवा ओळखता यायला हवा, तसंच हे.

१९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत हे आंतरराष्ट्रीय नियमांत गेलं. हौशी ऑपरेटरला मोर्स पाठवता आणि कानाने ऐकून उतरवता आला पाहिजे, असं ठरलं.

दुसरं कारण : चाळणी

पण तंत्र पुढे गेलं. माणसं माइकवर बोलू लागली, तरी परीक्षा राहिली. उलट ती कडक झाली. अमेरिकेत १९३६ मध्ये वेग १३ शब्दांवर गेला आणि सगळ्यात वरच्या एक्स्ट्रा परवान्याला २० शब्द लागायचे. आता कारण सांगितलं जाऊ लागलं ते शिस्तीचं. जो एवढी मेहनत घेईल तो रेडिओही जबाबदारीने वापरेल, वगैरे वगैरे. खरं सांगायचं तर ही चाळणी झाली होती.

आंतरराष्ट्रीय पातळीवर मात्र ही भिंत हळूहळू मागे सरकत होती. १९४७ मध्ये १००० मेगाहर्ट्झच्या वर मोर्सची सक्ती काढता येईल असं ठरलं, १९५९ मध्ये ही मर्यादा १४४ वर आली आणि १९७९ मध्ये ३० मेगाहर्ट्झवर. उरल्या फक्त ३० च्या खालच्या लहरी. पण हौशींचा जीव तिथेच अडकलेला! याच लहरी आयनोस्फिअरवरून परावर्तित होऊन दूर खंडांत पोचतात. म्हणजे गल्लीत बोलायला मोर्स नको, ब्राझीलशी बोलायला हवा.

जपानने आपली वेगळीच वाट काढली. तिथे १९५९ पासून कमी शक्तीच्या ट्रान्समीटरसाठी मोर्सशिवायचा परवाना मिळू लागला आणि पुढे जपान हा हौशींच्या संख्येत जगातला आघाडीचा देश झाला. जपानचं आकाश काही कोसळलं नाही.

तयारी : तक्ता की कान?

आता माझा सगळ्यात आवडता भाग.

बहुतेक जण तयारी कशी करायचे? वहीच्या पानावर तक्ता काढायचे, ए म्हणजे टिंब-रेघ, बी म्हणजे रेघ-टिंब-टिंब-टिंब, आणि तो पाठ करायचे. मिनिटाला ५ शब्दांना हे चालून जातं. एका अक्षराला २.४ सेकंद मिळतात. तेवढ्यात आवाज मोजायचे, डोळ्यांसमोर तक्ता आणायचा, अक्षर शोधायचं, लिहायचं. आमच्या भाषेत, लुकअप टेबल.

पण १३ शब्दांना एका अक्षराला सेकंदापेक्षाही कमी वेळ मिळतो. मोजणं संपायच्या आत पुढचं अक्षर हजर! म्हणून १० शब्दांच्या आसपास माणसं अडकायची आणि महिनोन्‌महिने तिथेच राहायची. त्यांना वाटायचं की सराव कमी पडतोय. सराव भरपूर असायचा, फक्त तो चुकीच्या गोष्टीचा असायचा.

या अडकण्याचा अभ्यास खूप आधीच झाला होता. १८९७ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर या दोघांनी तारखात्यात काम शिकणाऱ्यांची प्रगती मोजून तिचे आलेख काढले. पाठवण्याचा वेग सुरुवातीला भराभर वाढत गेला. ऐकण्याचा वेग मात्र काही काळ वाढला, मग आडवा पडला आणि मग एकदम वर गेला. त्या आडव्या भागाला त्यांनी पठार म्हटलं. त्यांचं म्हणणं असं की, पठारावर माणूस थांबलेला नसतो. आधी त्याला सुटी अक्षरं ऐकू येतात, मग शब्द एकसंध ऐकू येऊ लागतात, मग वाक्यांचे तुकडे. खालची सवय पक्की झाली की वरची उगवते. कौशल्य कसं येतं यावरच्या मानसशास्त्राची ही एक पायाभूत मांडणी मानली जाते, आणि ती तारमास्तरांच्या कानांवरून सुचली!

पुढे १९३० च्या दशकात जर्मनीत लुडविग कॉखने यावर तोडगा काढला. सावकाश सुरुवात करायचीच नाही. पहिल्या दिवसापासून पूर्ण वेग, पण फक्त दोन अक्षरं. ती नव्वद टक्के बरोबर यायला लागली की तिसरं घ्यायचं. मोजायला वेळच मिळत नाही, त्यामुळे तक्ता मनात तयारच होत नाही. फार्न्सवर्थ पद्धत याची चुलत बहीण. त्यात प्रत्येक अक्षर वेगात वाजवायचं, पण दोन अक्षरांमधली शांतता लांबवायची. अक्षराचा घाट शाबूत राहतो आणि लिहायला उसंत मिळते.

आपल्याला हे समजायला जर्मनीला जायची गरज नाही. शाळेत वृत्त शिकताना ओळीवर लघु-गुरूच्या खुणा करायचो, आठवतंय? मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत हे त्या खुणांवरून ठरवता येतं. पण श्लोक म्हणताना कोणी गण मोजतं का? चाल कानात असते आणि जीभ तिच्यामागे जाते. मोर्सचा ‘के’ म्हणजे रेघ-टिंब-रेघ नव्हे, डा-डिट-डा ही त्याची चाल आहे.

आपल्याकडे काय झालं?

भारतात हौशी रेडिओची परवानाधारी सुरुवात १९२१ ची, कलकत्त्याच्या अमरेंद्रचंद्र गुप्तूंपासून. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला सरकारने हौशींचे परवाने बंद केले. सरकारला भीती कशाची होती ते १९४२ मध्ये मुंबईत दिसलं. उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी भूमिगत काँग्रेस रेडिओ सुरू केला. त्याच्या उभारणीत हात होता नरिमन प्रिंटर या हौशी रेडिओवाल्याचा. जागा बदलत बदलत तो साधारण तीन महिने चालला आणि नोव्हेंबरमध्ये पकडला गेला. घरगुती ट्रान्समीटर काय करू शकतो, याचा तो धडा होता. स्वातंत्र्यानंतर सरकार आपलं झालं, पण ट्रान्समीटर कोणाच्या हाती जातोय याची चौकशी करायची सवय तशीच राहिली.

१९७८ च्या नियमांत ग्रेड वनला मिनिटाला १२ शब्द होते, म्हणजे पाच मिनिटांत ३०० अक्षरं. मुंबईतल्या उमेदवारांनी वर्षानुवर्षं ही परीक्षा बोरिवलीला गोराई रोडवरच्या वायरलेस मॉनिटरिंग स्टेशनमध्ये दिली. ग्रेड टूचे ५ शब्द तक्त्यावर निभावून न्यायचे आणि ग्रेड वनला जाताना आडवं व्हायचं. आता याचं कारण तुमच्या लक्षात आलं असेल.

भिंत पडली, आवाज राहिला

१ फेब्रुवारी १९९९ पासून जहाजांच्या संकटसंदेशांसाठी उपग्रहांवर आधारलेली नवी व्यवस्था पूर्णपणे लागू झाली. म्हणजे १९१२ चं मूळ कारण त्या दिवशी संपलं. २००३ मध्ये जिनिव्हाच्या जागतिक रेडिओ परिषदेने मोर्सची सक्ती काढून निर्णय प्रत्येक देशावर सोपवला. ब्रिटनने त्याच वर्षी अट काढली, अमेरिकेने फेब्रुवारी २००७ मध्ये.

भारताने २००९ च्या दुरुस्तीत दोनच श्रेणी ठेवल्या. रिस्ट्रिक्टेडला मोर्स नाही. जनरलला मात्र मिनिटाला ८ शब्द. आठ म्हणजे दर दीड सेकंदाला एक अक्षर. तक्ता वापरणाऱ्याला धाप लागावी आणि कानवाल्याला सहज जमावं, नेमका असा वेग.

माझं मत विचाराल तर सक्तीच्या बाजूने आता टिकाऊ कारण उरलेलं नाही. २००१ च्या भूजच्या भूकंपात आणि २००४ च्या त्सुनामीत अंदमानात हॅम मंडळी उपयोगी पडली, ती हाताशी रेडिओ होता आणि तो चालवणारी माणसं तयार होती म्हणून. अशी माणसं जास्त हवी असतील तर दार रुंद हवं. ‘क्षीण सिग्नलमध्येही मोर्स पोचतो’ हा युक्तिवाद खरा आहे. मोर्सला दीडशे-एक हर्ट्झ पुरतात, आवाजाला अडीच हजारांच्या आसपास लागतात. पण २०१७ मध्ये नोबेल विजेते जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी एफटीएट आणलं. ते कानाला ऐकूही न येणारा सिग्नल कॉम्प्युटरला वाचायला लावतं. म्हणजे तोही किल्ला गेला.

पण इथे गंमत बघा. परीक्षा गेली की मोर्स मरेल, असं छातीठोकपणे सांगणारे बरेच होते. तो मेला नाही. आज एचएफ बँडची खालची टोकं उघडून ऐका, डिट-डा चालूच असतात. इंटरनेटवर कॉख पद्धतीने फुकट शिकवणाऱ्या साइट्स आहेत आणि शिकणाऱ्यांमध्ये असे कितीतरी आहेत ज्यांच्यावर कोणाचीच सक्ती नाही. एक्क्याण्णव वर्षं परीक्षेने लोकांना दारापर्यंत ओढत आणलं. आत टिकले ते मात्र चाल आवडली म्हणूनच.

तुमच्यापैकी कोणी जनरल ग्रेडची तयारी करत असेल तर एकच सांगतो. तक्ता आजच भिंतीवरून काढा. दोन अक्षरं घ्या, के आणि एम. वेग २० शब्दांचा ठेवा आणि मधली शांतता हवी तेवढी लांब. रोज पंधरा मिनिटं. पठार येईल, तेव्हा घाबरू नका. इंडियानातल्या तारवाल्यांनाही ते लागलं होतं.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत डिट-डिट!