बोरिवलीत उतरवलेला कैदी

5 मे 1930 च्या सकाळी गुजरातेतून मुंबईकडे निघालेल्या गाडीतून महात्मा गांधींना बोरिवलीत उतरवले आणि पडदे ओढलेल्या मोटारीतून येरवड्याला नेले. गाडी शहरात शिरली असती तर गर्दी आवरणे अवघड होते. दांडीजवळच्या कराडीत मध्यरात्री त्यांना पकडले होते. मिठाचा कायदा मोडल्याबद्दल सरळ खटला भरता आला असता. पण कोर्टात उभा केलेला माणूस बोलतो, आणि 1922 साली अहमदाबादच्या कोर्टात गांधी कसे बोलले होते, हे सरकार विसरले नसणार. म्हणून मुंबई इलाख्याचे 1827 चे पंचविसावे रेग्युलेशन बाहेर काढले. त्यात आरोप नाही, साक्षीपुरावा नाही, मुदत नाही. सरकारची मर्जी असेतोवर कैद. ती मर्जी 26 जानेवारी 1931 पर्यंत टिकली.

पुण्याला हे रेग्युलेशन आधीच ठाऊक होते. 22 जून 1897 ला प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. पुढे टिळकांवर निदान राजद्रोहाचा खटला तरी चालला, ज्युरी बसली, बचाव ऐकला गेला. नातू बंधूंच्या वाट्याला तेही आले नाही. प्लेगच्या तपासणीत सोल्जरांनी केलेल्या जाचाच्या तक्रारी सरकारकडे नेणारे हे सरदार 1899 पर्यंत खटल्याविना अडकून पडले.

स्वातंत्र्यानंतरही खटल्याविना डांबण्याचा हा अधिकार गेला नाही. राज्यघटनेच्या 22 व्या अनुच्छेदात तो बसला. सोबत कारणे कळवण्याचे आणि सल्लागार मंडळापुढे प्रकरण ठेवण्याचे बंधन आले. खरा प्रश्न उरला तो हा, की कोणाला असे उचलता येईल?

त्याचे नेमके उत्तर 1965 साली मिळाले. पाटण्यात राममनोहर लोहियांना स्थानबद्ध करताना जिल्हा दंडाधिकाऱ्याने ‘कायदा व सुव्यवस्था’ राखण्याचे कारण दिले; ज्या नियमाखाली आदेश काढला, त्यात मात्र ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ होती. सुप्रीम कोर्टाने लोहियांना सोडले. नागपुरात वकिली केलेले आणि तिथल्या हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले न्या. हिदायतुल्ला यांनी एकात एक तीन वर्तुळे कल्पिली. सर्वांत मोठे कायदा व सुव्यवस्थेचे, आतले सार्वजनिक सुव्यवस्थेचे, सर्वांत लहान राज्याच्या सुरक्षिततेचे. बाहेरच्या वर्तुळातले प्रत्येक कृत्य आतल्यात येत नाही. मुलुंडमध्ये जुन्या वैरातून एकाने दुसऱ्याला भोसकले, तर गुन्हा गंभीरच. पण त्यासाठी अटक आहे, खटला आहे, शिक्षा आहे. तोच चाकू अख्ख्या बाजाराला धाकात ठेवू लागला, तर गोष्ट निराळी. माणूस किती वाईट यापेक्षा त्याच्या कृत्याची झळ किती दूर पोचली, हे बघायचे.

महाराष्ट्राने 1981 मध्ये स्थानबद्धतेचा स्वतःचा कायदा केला. पोलीस ठाण्यात त्याला एमपीडीए म्हणतात. सुरुवातीला त्यात झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आणि अमली पदार्थांचे गुन्हेगार होते. नंतर धोकादायक व्यक्ती, व्हिडिओ पायरेट आणि वाळूतस्करही आले. अंधेरी असो की घाटकोपर, मुंबईत आदेश पोलीस आयुक्त काढतात. तडीपार माणूस निदान हद्दीबाहेर मोकळा असतो; एमपीडीए लागलेला वर्षभर तुरुंगात राहू शकतो. सल्लागार मंडळापुढे वकील उभा करण्याचा हक्क त्याला नाही.

अशा आदेशांची कारणे वाचावीत. आधीचे गुन्हे, मग ‘साक्षीदार अ’ आणि ‘साक्षीदार ब’ यांचे गोपनीय जबाब. हत्यार काढले, पैसे हिसकावले, लोक सैरावैरा पळाले, दुकानदारांनी शटर ओढली. गुंडाच्या भीतीने तक्रार न देणारा फेरीवाला खरा आहे. त्याचे नाव झाकणे मला पटते. पण हीच वाक्ये प्रकरणामागून प्रकरणात येऊ लागली, की सार्वजनिक सुव्यवस्थेचा पुरावा म्हणजे नुसता मजकूर उरतो. शिवाय कायद्यातल्या स्पष्टीकरणानुसार जनतेच्या एखाद्या घटकात असुरक्षिततेची भावना पसरली, तरी सार्वजनिक सुव्यवस्था बिघडल्याचे मानता येते. वर्तुळ असे व्याख्येनेच रुंदावले. म्हणून हायकोर्टाला प्रत्येक वेळी ते पुन्हा आखून बघावे लागते, आणि डिसेंबर 2024 मध्येही महाराष्ट्रातल्या एका हातभट्टीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाला स्थानबद्धतेचा आदेश रद्द करावा लागला.

आणीबाणी भोगून आलेल्या संसदेने 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीत, सल्लागार मंडळाच्या मताविना डांबण्याची मर्यादा तीन महिन्यांवरून दोनवर आणली. ते कलम अमलात आणण्याची अधिसूचना एकाही केंद्र सरकारने काढलेली नाही.