मापटं, चिपटं आणि विरघळलेल्या चकल्या

तर मंडळी, या वीकएंडला इतिहासाचा तास. विषय चकली. (हसू नका. विषय गंभीर आहे. माझ्यामुळे आठशे ग्रॅम भाजणी वाया गेली आहे.)

आधी पार्श्वभूमी. आजी गेली त्या वर्षी आमच्याकडे दिवाळी नव्हती. घरात कढई चढली नाही, फराळ शेजारपाजारचे आणि नातेवाईक आणून देत होते. सात-आठ घरांच्या चकल्या एकाच डब्यात. बाबा रोज एक उचलायचे, अर्धी खायचे आणि काही न बोलता उरलेली ताटलीत ठेवायचे. त्यांना काय म्हणायचंय ते सगळ्यांना कळत होतं.

पुढच्या वर्षी घटस्थापना झाली, कोजागिरीचं मसाला दूध झालं, ऑक्टोबर हीटने घाम काढायला सुरुवात केली आणि एका शनिवारी आईने कपाटातून आजीची वही काढली. म्हणाली, "यंदा आईंच्या हातची चकली करायची." आई आणि आजी एकाच ओट्यापाशी तीस वर्षं उभ्या राहिल्या, पण भाजणीचं प्रमाण आजीच्या ताब्यात असायचं. आईकडे तळणीचं खातं. वही उघडली तर त्यात लिहिलेलं:

तांदूळ २ मापटी, हरभरा डाळ १ मापटं, उडीद डाळ १ चिपटं, धने-जिरे मूठभर, मोहन पावशेर तेल. मीठ अंदाजाने.

आईने वही माझ्याकडे सरकवली. "तुम्ही कॉम्प्युटरवाले ना? सांग किलोत किती ते."

आता असा प्रश्न विचारल्यावर कुठला इंजिनियर गप्प बसेल? मी लॅपटॉप उघडला, एक्सेल उघडलं आणि जुनी मापं शोधायला लागलो. आणि खरं सांगतो, थक्क झालो. कोष्टक असं आहे: २ निळवी म्हणजे १ कोळवं, २ कोळवी म्हणजे १ चिपटं, २ चिपटी म्हणजे १ मापटं, २ मापटी म्हणजे १ शेर, २ शेर म्हणजे १ अधोली, २ अधोल्या म्हणजे १ पायली.

दिसलं का काही? दोन, दोन, दोन, दोन. निळव्यापासून पायलीपर्यंत सरळ बायनरी. एक पायली म्हणजे ६४ निळवी, दोनाचा सहावा घात! पुढे मात्र घोळ आहे, मणाला कुठे १२ पायल्या तर कुठे १६. वजनातही तोच प्रकार: शेराचा अर्धा अच्छेर, त्याचा अर्धा पावशेर, त्याचा अर्धा नवटाक, त्याचा अर्धा छटाक. पैशातही तेच. १६ आण्यांचा रुपया, ८ आण्यांची अधेली, ४ आण्यांची पावली, २ आण्यांची चवली.

हे कुणा गणितज्ञाने बसून ठरवलेलं नसणार. कारण साधं आहे. धान्याच्या ढिगाचे दहा सारखे भाग डोळ्यांनी करून बघा. जमत नाही. दोन भाग मात्र कुणालाही जमतात, मग त्यातल्या एकाचे परत दोन. ज्याच्याकडे ना काटा ना पाटी-पेन्सिल, त्याच्यासाठी निम्मे करत जाणं हीच सगळ्यात सोपी पद्धत. आणि आजीचं प्रमाण परत बघा: तांदळाच्या निम्मी हरभरा डाळ, त्याच्या निम्मी उडीद डाळ. अख्खी कृती त्याच शिडीवरून उतरते.

मग एक शंका आली. धान्य मापट्याने आणि तेल पावशेराने, असं का? बाबांना विचारलं. आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं. बाबा म्हणाले, "अरे, तांदूळ-डाळ घरच्या शेतातली. ती मापानेच मोजायची. तेल वाण्याकडचं, ते वजनावर." म्हणजे त्या चार ओळींत दोन वेगवेगळ्या व्यवस्था नांदत होत्या. एक घर आणि खळ्याची, जिथे मजुरी आणि बलुतंसुद्धा धान्यातच मोजून दिलं जायचं. दुसरी बाजाराची, तागडीवाली.

जुनं ते सोनं म्हणायच्या आधी थोडं थांबा मात्र. या मापांची नावं सगळीकडे तीच, पण आकार गावागावाला वेगळा. इंग्रजी अमदानीत मुंबईचा मण २८ पौंडांचा, मद्रासचा २५ पौंडांचा आणि बंगालचा ८२ पौंडांहून थोडा जास्त. तिन्ही मणच! शेरातही कच्चा शेर आणि पक्का शेर. पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे आजच्या हिशोबात साधारण ९३३ ग्रॅम. त्यात धान्य मोजताना माप सपाट भरायचं की वर शीग लावायची, हा आणखी एक वाद. (आपण 'उत्सुकता शिगेला पोचली' म्हणतो ना, ती हीच शीग. मापाच्या काठावर उभा राहणारा धान्याचा ढीग.) धान्य देताना सपाट आणि वसूल करताना शीग लावून, एवढ्या फरकात गरीब कुळाचं किती धान्य गेलं असेल याचा हिशोब कुठल्या वहीत सापडणार?

म्हणून स्वतंत्र भारताने ही सगळी जत्रा मोडायचं ठरवलं. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. रुपयाचे ६४ पैसे होते ते १०० नवे पैसे झाले. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे, आता ते पाव कुठून आणायचे? १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला होता, आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम-लिटर दुकानात शिरले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला शेर कायद्यातून हद्दपार झाला. भारताचा अधिकृत किलो म्हणजे प्लॅटिनम-इरिडियमचा एक छोटा ठोकळा, क्रमांक ५७, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत जपून ठेवलेला. २०१९ साली किलोची व्याख्या बदलली आणि तो ठोकळ्यावरून प्लँकच्या स्थिरांकावर गेला. म्हणजे आता वाण्याची तागडी क्वांटम फिजिक्सशी बांधलेली आहे. माझ्या मते अनोळखी माणसांनी एकमेकांशी व्यवहार करायचा तर हेच हवं. कुणाच्या शिगेवर विश्वास ठेवावा लागत नाही.

आजीचं लग्न १९५८ सालचं. म्हणजे तिचा संसार आणि किलोग्रॅम एकाच वर्षी सुरू झाले. वही त्यानंतरची, तरी त्यात मापटं. कायदा दुकानात पोचतो, स्वयंपाकघरात त्याला वेळ लागतो. बोलण्यातून तर तो शेर अजून गेलेला नाही. शेरास सव्वाशेर भेटतोच, कुणाची प्रकृती तोळामासा असते, स्वस्त वस्तू पैशाला पासरी मिळते (पासरी म्हणजे पाच शेर) आणि 'छटाकभर पोरगं' डोक्यावर बसतं.

असो. परत चकलीकडे.

मी एक्सेलमध्ये सगळं बसवलं. पावशेर तेल म्हणजे २३३ ग्रॅम. बरोबर. मापट्याच्या रकान्यात मी भरलं पाव शेर. चूक! मापटं म्हणजे अर्धा शेर. पाव शेर म्हणजे चिपटं. कोष्टकातली एक ओळ खाली सरकलो. आमच्या धंद्यात या चुकीला नाव आहे, कामावर रोज कुणी ना कुणी ती करतो. फरक इतकाच की साध्या यादीत एक ओळ चुकली तर एकाने चुकतं, आणि दुपटीच्या शिडीवर एक पायरी चुकली की सगळं निम्मं होतं.

म्हणजे धान्य निम्मं आणि तेल पूर्ण.

आईने धान्य धुतलं, पंख्याखाली सुती कापडावर वाळवलं, एकेक वेगळं मंद आचेवर भाजलं. मी गिरणीत गेलो आणि सांगितल्याप्रमाणे ओरडून आलो, "डाळीवर दळा, मसाल्यावर नको!" पीठ आलं. आईने मोहन बघून एकदा विचारलंही, "एवढं तेल?" मी म्हटलं, "वहीतच आहे." आजीचं नाव आल्यावर आई काही बोलली नाही. सोऱ्या भरला, पहिल्या चार चकल्या तेलात सोडल्या आणि बघता बघता त्यांचे काटे सुटले, वेढे सुटले, आणि कढईत तपकिरी चुरा फिरायला लागला. चकली विरघळली म्हणतात ती ही.

आईने गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "आई असत्या तर पीठ हातात घेऊनच सांगितलं असतं."

१९९९ च्या सप्टेंबरमध्ये नासाचं एक यान मंगळाजवळ पोचून नष्ट झालं. एका सॉफ्टवेअरने आकडे पौंडाच्या हिशोबात दिले आणि दुसऱ्याने ते न्यूटनचे समजून घेतले. कॉलेजात हे शिकताना आम्ही हसलो होतो. एवढे शास्त्रज्ञ आणि एवढी साधी चूक? त्या रात्री आमच्या ओट्यावर हसायला कुणी नव्हतं.

रात्री दहाला बाबा शिडी घेऊन माळ्यावर चढले. काय शोधताय विचारलं तर बोलले नाहीत. धूळ झटकत जुन्या साडीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन उतरले. पितळेचं माप. आजी नवी नवरी म्हणून घरात आली तेव्हा उंबऱ्यावर तांदळाने भरून ठेवलेलं आणि तिने उजव्या पायाने लवंडलेलं, ते हे. आईनेही हेच ओलांडलं. मला वाटायचं लग्नातलं माप म्हणजे नुसता विधी, जशी अंतरपाटाची शाल. पण ते घरातलं रोजचं मापटं होतं! नव्या सुनेची ओळख करून द्यायची ती घरातल्या एककाशी. आजपासून या घरातलं सगळं यात मोजायचं.

मी त्यात तांदूळ सपाट भरले आणि डिजिटल काट्यावर ओतले. ४६२ ग्रॅम. दोन मापटी ९२४. म्हणजे आमचं मापटं पक्क्या शेराच्या निम्म्याला जवळजवळ भिडत होतं. एक्सेलमधला आकडा बदलला आणि सगळं जागेवर बसलं. पाव शेर मोहनाला दीड किलोच्या वर पीठ हवं होतं, मी आठशे ग्रॅम दिलं होतं.

मराठीत पाककृतीची पुस्तकं काही आजची नाहीत. 'सूपशास्त्र' १८७५ चं आहे, लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' १९१० चं, आणि कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० ची, जी आईला तिच्या लग्नात मिळाली. छापलेलं हरवत नाही, हे खरं. पण घरातली कृती नुसत्या कागदावर नसते. ती अर्धी कागदावर, अर्धी भांड्यात आणि उरलेली हातात असते. भांडं माळ्यावर गेलं की कागद मुका होतो. आपण बहुतेक जण आजीच्या वहीचे फोटो काढून ठेवतो आणि जतन केलं म्हणून खूश होतो. माझी विनंती एवढीच: तिची वाटी कुठली होती तेही बघा, आणि एकदा काट्यावर ठेवा. ती असताना जमलं तर फारच उत्तम.

दुसऱ्या दिवशी नवी भाजणी झाली. चकल्या काटेरी, खुसखुशीत, तेलात सुटल्या नाहीत. वहीत त्या ओळीशेजारी मी पेनने लिहिलं: १ मापटं = ४६२ ग्रॅम तांदूळ, माळ्यावरचं पितळी माप, सपाट. आईने ते वाचून मान हलवली आणि माप घासून डब्यांच्या फळीवर ठेवलं.

बाबांनी एक चकली उचलली. पूर्ण खाल्ली. आम्ही दोघं बघत होतो.

"मीठ जरा कमी आहे," ते म्हणाले आणि दुसरी उचलली.

मिठापुढे वहीत काय लिहिलंय ते वर दिलंच आहे. त्याचं एकक कुणाला सापडलं तर कळवा.