शोधयंत्र आणि सूचीकार : कारेगावच्या संदर्भात एक विचार

वाचकांसाठी खास शोधसाधन तयार करणे ही संगणकयुगाची देणगी मानली जाते. मराठीपुरते पाहिल्यास ही परंपरा बरीच जुनी आहे. शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’च्या पहिल्या खंडात इ. स. १८०० ते १९३७ आणि दुसऱ्यात १९३८ ते १९५० या काळातील ग्रंथांच्या नोंदी आहेत. वाचकाला काय हवे असेल याचा विचार येथे सूचीकाराने आधीच केलेला आहे.

ऑक्टोबर २००६ मध्ये गूगलने ‘कस्टम सर्च इंजिन’ ही सुविधा सुरू केली. निवडक संकेतस्थळांपुरता शोध मर्यादित ठेवणे ग्रंथपालास प्रोग्रामिंगच्या ज्ञानाशिवाय शक्य झाले. मात्र मराठी साधनांचा प्रश्न केवळ निवडीने सुटत नाही.

पुणे-अहिल्यानगर मार्गावरील, रांजणगाव औद्योगिक वसाहतीलगतचे शिरूर तालुक्यातील कारेगाव या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. तत्पूर्वीच्या छापील मजकुरात हे गाव ‘कारेगांव’ असे येते. अक्षरे तंतोतंत जुळवणाऱ्या यंत्राच्या लेखी ही दोन निराळी गावे ठरतात! तालुक्याचे गाव शिरूर. पण त्यास घोडनदी असेही म्हणतात, आणि १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरच्या इंग्रजी लेखनात त्याचा उच्चार ‘सिरूर’ असा होतो. अहमदनगरचे नाव तर अलीकडेच बदलले.

उलट बाजूची अडचणही आहे. श्रीरामपूर तालुक्यातही एक कारेगाव आहे. शिवाय शिरूर तालुक्यातीलच कोरेगाव भीमा रोमन लिपीत एका स्वराच्या फरकाने कारेगावजवळ येते. १ जानेवारी १८१८ च्या लढाईवरील साहित्य विपुल असल्याने कारेगावची तुरळक साधने त्याखाली दडपली जाण्याचा संभव असतो. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाला ‘साधने नाहीत’ असे वाटते, तेव्हा पुष्कळदा ती असतात. केवळ सापडत नाहीत.

यात लिपीच्या संगणकीय इतिहासाची भर पडली. १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश झाला, तरी मराठी अक्षरजुळणी दीर्घकाळ स्वतंत्र सांकेतिक मांडणीच्या फाँटांवर चालली. अशा धारिकेत डोळ्यांना ‘कारेगाव’ दिसते. यंत्राला निरर्थक रोमन अक्षरांची रांग. त्यावर शोधसाधनाचा इलाज नाही, मजकुराचे रूपांतरच करावे लागते.

नामभेदांवर मात्र इलाज आहे, आणि तो पत्रपेटीच्या काळापासून ग्रंथपालाच्या हाती आहे : ‘कारेगांव – पहा : कारेगाव’. हीच नोंद आज समानार्थी शब्दांच्या यादीत घालता येते. ‘घोडनदी’ हा शब्द त्या यादीत असावा, हे यंत्र सांगत नाही. परिसराची माहिती असलेल्या ग्रंथपालानेच तो घालावा लागतो. श्रीरामपूरचा उल्लेख असलेली पाने सरसकट वगळणे हा सोपा मार्ग दिसतो, परंतु तो टाळावा. एकाच लेखात दोन्ही कारेगावे येऊ शकतात. त्यांसाठी स्वतंत्र विभाग ठेवणे अधिक सुरक्षित.