ल शाँ द्यू मोंद (विश्वगीत)

फ्रेंच चित्रकार झाँ ल्यूर्सा (1892–1966) याची दहा चित्रजवनिकांची मालिका. एकूण लांबी सुमारे 80 मी., उंची साधारण साडेचार मी. फ्रान्समधील आंझे शहरात, बाराव्या शतकात स्थापन झालेल्या सँ-झाँ रुग्णालयाच्या दालनात ती मांडलेली आहे. याच शहराच्या किल्ल्यात चौदाव्या शतकातील ‘आपोकालिप्स’ ही बायबलमधील प्रलयकथेची जवनिका आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी ती पाहून ल्यूर्सा भारावला. आपल्या काळाचा प्रलय मात्र त्याला आकाशातून नव्हे, अणुबाँबमधून येताना दिसत होता. 1957 मध्ये त्याने कोणाचीही मागणी नसताना, पदरमोड करून हे काम हाती घेतले. त्याच्या मृत्यूमुळे ते अपुरेच राहिले.

पहिले चार पट संहाराचे. ‘महासंकट’नंतर ‘हिरोशिमाचा माणूस’ येतो, त्यापुढे हाडांच्या सापळ्यांचा ‘महाश्मशान’. चौथा ‘सर्वांचा अंत’ सर्वांत भेदक म्हणावा लागेल. त्यात ना बाँब, ना प्रेत. काळ्या पार्श्वभूमीवर मोडून पडणारी वनस्पती आणि राखेसारखे झरणारे पांढरे कण, एवढेच. युद्धात माणसाबरोबर झाडपालाही मरतो, ही गोष्ट पर्यावरण हा शब्द घरोघरी पोहोचण्याआधीच येथे विणली गेली. पाचव्या पटात शांततेतला माणूस उभा राहतो. पुढे पाणी व अग्नी, शँपेन, अंतराळ, काव्य असे विषय येतात. या उत्सवी पटांतले रंग मोहक आहेत, पण चौथ्या पटाची शांतता त्यांना झाकता येत नाही.

विणकाम फ्रान्समधीलच ओब्यूसाँ या गावाच्या मागांवर झाले. ल्यूर्साने जाड वीण व मोजक्या रंगछटा पसंत केल्या. मूळ आराखड्यात रंग न भरता तो रंगांचे क्रमांक लिही आणि विणकर त्या क्रमांकाची लोकर उचली. प्रत्येक रंगाचा आडवा धागा आपल्या आकृतीपुरताच फिरवून परत आणायचा, ही युक्ती पैठणीच्या पदरावर मोर काढणाऱ्या येवल्याच्या विणकराला परकी वाटणार नाही. मागावर जवनिका उलट बाजूने विणली जाते. त्यामुळे हिरोशिमाचा माणूस पूर्ण रूपात कसा दिसतो, हे विणणाऱ्यांनाही पट मागावरून उतरल्यावरच कळले.