पागेवरचा भरवसा : प्रस्तावना

बेंगळुरूहून विमानतळाकडे निघाले की वाटेत येलहंका लागते. आजच्या वाचकाला हे नाव हवाई दलाच्या तळामुळे आणि तिथे १९९६ पासून भरणाऱ्या ‘एअरो इंडिया’मुळे परिचित असते. गाव मात्र त्याहून फार जुने आहे. १५३७ मध्ये बेंगळुरू वसवणारे केम्पेगौडा हे येलहंक्याचे नाडप्रभू. पुढे १६३८ मध्ये विजापूरकरांनी त्यांच्या वंशजाकडून बेंगळुरू घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. तेव्हापासून मराठी माणूस आणि मराठी घोडे या मुलखाला परके राहिले नाहीत. आजही इथे घोड्याचे अगत्य आहे. येलहंक्याच्या उत्तरेला एम्बसी इंटरनॅशनल रायडिंग स्कूल आहे, शहराच्या मध्यभागी बंगलोर टर्फ क्लबचे मैदान आहे आणि पश्चिमेला कुणिगल येथे टिपू सुलतानाच्या काळापासून चालत आलेले घोड्यांचे पैदास केंद्र आहे. अशा ठिकाणी बसून शर्यतीच्या घोड्यांविषयी मराठीत लिहायला घेतले, तर त्यात आगंतुकपणा वाटू नये.

विषय एका साध्या व्यवहाराचा आहे. एक माणूस घोडा विकत घेतो आणि दुसऱ्याच्या हाती सोपवतो. घोडा मालकाच्या नावावर असतो. मैदानावर त्याच्या पाठीवरचा जॉकी मालकाच्याच रंगांचे कपडे घालून उतरतो. पण घोड्याचे ठाण, त्याची चंदी-वैरण, त्याची रपेट, त्याचे औषधपाणी, त्याने कोणत्या दिवशी कोणत्या शर्यतीत धावायचे, हे सारे प्रशिक्षक ठरवतो. आपली मोलाची वस्तू, तीही श्वास घेणारी, दुसऱ्याच्या स्वाधीन करताना मालक त्याच्याकडून नेमके काय अपेक्षितो? आणि त्यातले किती अपेक्षिण्याचा त्याला अधिकार आहे?

‘आम्हाला जुगारात रस नाही’, असे म्हणून काही वाचक इथेच पान मिटतील, याची मला कल्पना आहे. त्यांना माझी विनंती इतकीच, की पैज लावणारा माणूस या कथेत फार दूर उभा असतो. शर्यत बहुधा दीड-दोन मिनिटांत संपते. तिच्या मागे दोन-अडीच वर्षांची जोपासना असते. आमचे लक्ष त्या जोपासनेकडे आहे. तुम्ही आयुष्यात एकदाही शर्यतीला गेला नसाल, तरी हा विषय तुमच्यासाठी खुला आहे.

मालक आणि प्रशिक्षक यांच्या या नात्याशी पहिली गाठ महाभारतात पडते. अज्ञातवासात नकुल ग्रंथिक हे नाव घेऊन विराटाच्या दरबारात जातो आणि अश्वशाळेचे काम मागतो. तो राजाला काय सांगतो, ते विराटपर्वात मुळातून पाहण्यासारखे आहे. घोड्यांचा स्वभाव आपण जाणतो, त्यांना वळण कसे लावायचे हे जाणतो, खोडकर घोडा ताळ्यावर कसा आणायचा आणि आजारी घोड्यावर उपचार कसे करायचे हेही जाणतो. आपल्या हाताखालचा घोडा भित्रा होत नाही, असे त्याचे आश्वासन आहे. या सगळ्या बोलण्यात घोडे किती जिंकून देईन याचा एक शब्दही नाही. ज्ञान, वळण, उपचार आणि प्राण्याच्या मनाची निर्भयता, एवढेच तो कबूल करतो. प्रशिक्षकाने मालकाला द्यावयाचे वचन इतक्या नेमकेपणाने मांडलेले मी अन्यत्र वाचलेले नाही. नकुलाच्या नावावर अश्वचिकित्सेचा ग्रंथ आहे, जयदत्ताचा ‘अश्ववैद्यक’ आहे, शालिहोत्राची तर मोठी परंपराच आहे. या विद्येला आपल्याकडे शास्त्राचा मान होता, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

मराठ्यांच्या पागेने या विद्येला व्यवस्थेची जोड दिली. शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे, बारगिराचा सरकारी. म्हणजे मालकी एकाची आणि मांड दुसऱ्याची, हा प्रश्न शिवकाळातही होताच. त्याचे उत्तर सभासदाच्या बखरीत सापडते: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पाणी आणि नाल. घोड्याची निगा ही कोणाच्या मर्जीवर न ठेवता नेमणुकीची बाब केली, हे महत्त्वाचे. आजच्या एखाद्या चांगल्या तबेल्यात प्रत्येक घोड्यामागे ठरलेला साईस, ठरलेला नालबंद आणि ठरलेला पशुवैद्य दिसतो, तेव्हा जुन्या पागेची शिस्तच तिथे नव्या नावांनी नांदताना दिसते.

आता आजच्या घडीकडे वळू. शर्यतीच्या घोड्याचे वजन साधारण साडेचारशे ते पाचशे किलो असते. गुडघ्याखाली त्याच्या पायाला स्नायू जवळजवळ नसतातच. हाड, कंडरा आणि कातडी. भरधाव धावताना एका क्षणी सारा भार एकाच पायावर येतो. शिंगरू आईच्या पोटात अकरा महिने असते, दुसऱ्या वर्षी त्याच्या पाठीवर खोगीर चढते, आणि तिसरे वर्ष लागते तेव्हाही त्याची हाडे पुरती घट्ट झालेली नसतात. आपल्याकडे शर्यतीच्या सर्व घोड्यांचे वय १ जानेवारीपासून मोजतात. त्यामुळे एप्रिलमध्ये जन्मलेले शिंगरू जानेवारीत जन्मलेल्या शिंगराच्या बरोबरीने कागदावर मोठे होते, शरीराने नाही. ही एवढी गोष्ट नीट समजली, तरी प्रशिक्षकाची निम्मी अडचण वाचकाच्या ध्यानात येईल.

म्हणून जाणकार मालक सर्वांत आधी खरे बोलणे मागतो. विजय तो मागत नाही असे नव्हे. पण विजय कोणाच्या हातात नसतो हे त्याला एव्हाना कळलेले असते. सकाळी घोडा किंचित लंगडला तर ती बातमी त्याच दिवशी मिळावी, आणि ती प्रशिक्षकाच्या तोंडून मिळावी. मैदानावरच्या कुजबुजीतून कळू नये. पायाच्या मागच्या कंडरेला सूज आली की विश्रांतीचा काळ महिन्यांनी मोजावा लागतो, कधी तो वर्षभर लांबतो. धावताना फुफ्फुसातून रक्त आले, तर तेही लपवण्यासारखे नसते. घोड्याला ओकता येत नाही. त्यामुळे त्याचे पोट दुखणे हे काही तासांत जिवावर बेतू शकते. अशा वेळी मालकाला रात्री उठवावे की सकाळपर्यंत थांबावे, हा प्रश्न चांगल्या प्रशिक्षकाला पडतच नाही.

खरे बोलण्याचा दुसरा भाग अधिक अवघड असतो. घोड्यात दम नाही, हे मालकाला सांगायचे कोणी? मोठ्या किमतीला घेतलेला, उत्तम वंशाचा, दिसायला देखणा घोडा साधारण निघाला, असे पुष्कळदा होते. प्रशिक्षकाला दरमहा ठरलेले पैसे मिळत असतात; घोडा तबेल्यात राहिला तर ते मिळत राहतात. तरीही ‘साहेब, याच्यावर आणखी खर्च करू नका’, असे जो सांगतो, त्याच्याकडे मालक पुढचा घोडाही पाठवतो. माझ्या मते प्रशिक्षकाची खरी पत अशाच बोलण्यावर ठरते.

या ठिकाणी बडोद्याची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या घरची आहे. महाराज प्रतापसिंहराव गायकवाड हे मोठे शौकीन. भारतातली पहिली इंडियन डर्बी १९४३ मध्ये त्यांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीने जिंकली. १९४५ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये एक वर्षाचे शिंगरू २८,००० गिनींना घेतले. त्या वेळी ती विक्रमी किंमत होती. त्याचा सख्खा भाऊ दांते त्याच वर्षी इंग्लंडची डर्बी जिंकला होता. महाराजांनी शिंगराला आपल्या आजोबांचे नाव दिले, सयाजीराव, आणि ते सॅम आर्मस्ट्राँग या प्रशिक्षकाच्या हाती सोपवले. इतकी किंमत, असे नाव, असा भाऊ. अपेक्षेचे ओझे काय असेल ते वाचकांनीच मनाशी आणावे. १९४७ मध्ये सयाजीराव ‘टू थाउजंड गिनीज’ या शर्यतीत तिसरा आला, डर्बीतही तिसरा आला. पण अंतर वाढले तसा त्याचा दम दिसू लागला. त्याच वर्षी त्याने आयरिश डर्बी जिंकली आणि सुमारे २,९०० मीटरची सेंट लेजर एका मस्तकाच्या फरकाने मारली. पुढच्या वर्षी महाराजांच्याच ‘माय बाबू’ने ‘टू थाउजंड गिनीज’ जिंकली. लांब पल्ल्याच्या घोड्याला त्याच्या पल्ल्यापर्यंत शाबूत पोहोचवणे हे प्रशिक्षकाचे काम, आणि तोवर दम धरणे हे मालकाचे. सयाजीरावच्या बाबतीत दोन्ही घडले.

घोड्याला योग्य शर्यतीत उतरवणे ही पुढची अपेक्षा. शर्यतींचे वर्ग असतात, प्रत्येक घोड्याला त्याच्या कामगिरीवरून अंक दिले जातात आणि त्या अंकांवरून पाठीवरचे वजन ठरते. चांगल्या घोड्याने अधिक वजन वाहायचे, ही त्यातली न्यायबुद्धी. कोणते अंतर, कोणता वर्ग, कोणता जॉकी, ओले मैदान की कोरडे, याचा विचार करून प्रशिक्षक नाव नोंदवतो. मालकाला मात्र अनेकदा मोठ्या दिवसाची हौस असते. मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी होणाऱ्या २,४०० मीटरच्या इंडियन डर्बीत आपले रंग दिसावेत, असे कोणाला वाटणार नाही? पण दिवस आपला असून चालत नाही, घोड्याचाही असावा लागतो. इथे प्रशिक्षकाने नम्रपणे नाही म्हणावे आणि मालकाने ते ऐकावे.

पैशाविषयी थोडक्यात. महिन्याचे बिल स्वच्छ असावे, औषधाचा आणि नालबंदाचा खर्च वेगळा दाखवावा, बक्षिसातला प्रशिक्षकाचा हिस्सा नियमाप्रमाणे घ्यावा. आता एका घोड्याचे अनेकदा चार-पाच मालक असतात. त्या सर्वांना एकच हिशेब आणि एकच बातमी मिळावी.

आणखी एक बंधन आहे, ते मालकापेक्षाही नियमांनी घातलेले. घोड्याच्या तपासणीत निषिद्ध द्रव्य सापडले, तर जबाबदारी आधी प्रशिक्षकावर येते; ते साईसाकडून गेले की चंदीतून गेले, हा नंतरचा प्रश्न. प्रत्येक घोडा त्याच्या पुऱ्या कुवतीनिशी धावला पाहिजे, हाही नियमच. म्हणून मालकाच्या अपेक्षांना एक हद्द आहे. या नियमांविरुद्ध काही करण्याची अपेक्षा कोणी केली, तर ती मोडून काढणे हेच प्रशिक्षकाचे कर्तव्य ठरते.

वाचकांनी दुसरी बाजूही ऐकावी. बिल वेळेवर भरणारा, पहाटे फोन करून घोड्याची चाल स्वतः ठरवू न पाहणारा, आणि हरल्यावर साईसावर न ओरडणारा मालक प्रशिक्षकालाही हवा असतो. साईसाचा उल्लेख मी मुद्दाम केला. घोडा दिवसातले सर्वाधिक तास त्याच्या सहवासात असतो. खरारा करताना, पायावरून हात फिरवताना पहिली ऊब त्याच्याच तळव्याला लागते. मालक-प्रशिक्षकांविषयी लिहिताना या माणसाचे नाव बहुतेक वेळा गळते. अभ्यास करणाऱ्याने ते गळू देऊ नये.

शर्यतीबाहेरच्या अश्वक्रीडेतही हाच संबंध निराळ्या रूपात दिसतो. बेंगळुरूचा फवाद मिर्झा याने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ‘सेन्यूर मेडिकॉट’वर वैयक्तिक रौप्यपदक मिळवले. अश्वारोहणातले असे वैयक्तिक पदक भारताला १९८२ नंतर प्रथमच मिळाले. पुढे टोकियो ऑलिंपिकमध्येही तो याच घोड्यावर उतरला. घोडा मालकाचा, शिकवणूक जर्मन प्रशिक्षिकेची, मांड फवादची. तिघांपैकी एकाचा भरवसा उणा पडला असता तर पुढचे काही झाले नसते.

नव्याने या वाटेला येणाऱ्याने सुरुवात कशी करावी? शर्यतीच्या दिवसापासून करू नका. ओळखीतून परवानगी मिळाली तर एखाद्या पहाटे सरावाच्या वेळी जा. घोडे परतताना त्यांच्या चेहऱ्यांपेक्षा पायांकडे बघा, आणि घाम सुकेपर्यंत त्यांना चालवणाऱ्या माणसांकडे बघा. मग एक घोडा निवडा, त्याची वर्षभराची कामगिरी वहीत लिहा: अंतर, वजन, जॉकी, मैदान, क्रमांक. मधे मोठा खंड दिसला तर त्याचे कारण विचारा. कोणता प्रशिक्षक त्याचे सरळ उत्तर देतो, ते लक्षात ठेवा. आणि घोडा धावायचा थांबला की कुठे गेला, हेही जरूर विचारा. कोणी पैदाशीसाठी जातो, कोणी रपेट शिकवणाऱ्या शाळेत रमतो. सांभाळ शर्यतीबरोबर संपतो असे मानणारा मालक किंवा प्रशिक्षक मला पुरा वाटत नाही.

मराठीत या विषयावर लिहिले गेले आहे ते बहुतांशी शर्यतीच्या निकालांचे आहे. तबेल्यातल्या माणसांनी, पशुवैद्यांनी, नालबंदांनी, जुन्या मालकांच्या कुटुंबीयांनी आपापल्या आठवणी आणि वह्या पुढे आणाव्यात, असे आवाहन मी करतो. वाचकांपैकी कोणाच्या घरी अशी वही असेल, तर ती रद्दीत घालू नये.

येलहंका, बेंगळुरू