मुक्कामाची वही

पॅरिसच्या गार द्यू नॉर स्टेशनातून बाहेर पडलं की आजूबाजूच्या गल्ल्यांत अरुंद, पाच-सहा मजली, दोन ताऱ्यांची हॉटेलं ओळीनं उभी दिसतात. त्यांतल्या एकात आम्ही दोघं मे महिन्यात चार रात्री उतरलो होतो. लिफ्टमध्ये एक माणूस आणि एक बॅग एवढीच जागा, म्हणून बॅगा आधी वर गेल्या आणि मागून आम्ही. किल्ली देण्याआधी काउंटरवरच्या तरुणानं एक कागद पुढे सरकवला. मथळ्यातला ‘पोलीस’ हा शब्द फ्रेंच न येणाऱ्यालाही वाचता येत होता. नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, राष्ट्रीयत्व, कायमचा पत्ता, आल्याची तारीख, जाण्याची तारीख, सही. शेजारी उभ्या असलेल्या फ्रेंच जोडप्याला मात्र हा कागद दिला गेला नाही. त्यांनी किल्ली घेतली आणि ते जिन्यानं वर गेले.

फ्रान्समध्ये परदेशी पाहुण्याकडून असा कागद भरून घेणं हॉटेलवाल्याला बंधनकारक आहे. तो सहा महिने ठेवायचा आणि पोलिसांनी मागितला की द्यायचा. शेंगेन कराराच्या अंमलबजावणीसाठी १९९० साली जो करारनामा झाला, त्याच्या ४५व्या कलमात हे बंधन आहे. पत्त्याच्या रकान्यात ‘सदाशिव पेठ, पुणे’ लिहिताना मला जाणवलं की हा रकाना माझ्याच गावात फार जुना आहे.

पेशवाईतल्या पुण्यात कोतवालाच्या कामांमध्ये बाजारभावांवर नजर ठेवणं, भांडणं मिटवणं, रात्रीची गस्त घालणं ही कामं होतीच. शहरात कोण आलं आणि कोण गेलं याची नोंद ठेवणं हेही त्याचंच काम होतं. रात्री तोफ झाली की रस्त्यावर दिसेल त्याला पकडून चौकीत बसवत. परक्या माणसाला रात्र काढायला छप्पर हवं ते एवढ्यासाठीसुद्धा. हे छप्पर विकत मिळत नसे. ओळखीच्याची ओसरी, देवळाच्या ओवऱ्या, मठ, नदीकाठचा घाट अशा त्याच्या जागा. श्रावणात रमण्यातल्या दक्षिणेसाठी दूरदूरचे ब्राह्मण पुण्यात येत, तेव्हा एवढी माणसं कुठं कुठं टेकत असतील, हा प्रश्न मला नेहमी पडतो. त्याचं एक भयंकर उत्तर ऑगस्ट १७९१ मध्ये मिळतं. घाशीराम कोतवालाच्या बागेत उतरलेल्या तेलंगी ब्राह्मणांवर फळं तोडल्याचा आरोप आला. त्यांना एका कोंदट जागेत रात्रभर कोंडलं गेलं आणि वीसहून अधिक माणसं गुदमरून मेली. पुढे जमावानं घाशीरामला दगडांनी ठेचून मारलं, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. त्या कथेतले मेलेले लोक शहरात परके होते आणि रात्रीपुरती जागा शोधत होते, याबद्दल मात्र आपण सहसा बोलत नाही.

धर्मशाळा हे त्याच्यापेक्षा बरं उत्तर. कुणी आईवडिलांच्या स्मरणार्थ बांधायची, कुणी नवस फेडायला. भाडं नाही किंवा नावापुरतं, बहुधा तीन दिवसांची मुदत, विहीर, चुलीसाठी तीन दगड. पण बांधणाऱ्याचं पुण्य बहुतेक वेळा त्याच्या जातीपुरतं किंवा वरच्या जातींपुरतं असे. दारात रखवालदाराचा पहिला प्रश्न ‘कोण तुम्ही?’ हाच असे. नाव सांगून भागत नसे, जात सांगावी लागे.

१४ जून १८५८ रोजी खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाली, १८६३ साली बोरघाट पूर्ण झाला आणि मुंबईची गाडी थेट पुण्यात येऊ लागली. ज्यांची इथे कुणाशी ओळख नाही अशी माणसं दररोज स्टेशनावर उतरू लागली. सरकारनं १८६७ साली सराईंचा कायदा केला. सराई चालवणाऱ्यानं नोंदणी करावी, जागा स्वच्छ ठेवावी, रखवालदार नेमावेत, सांसर्गिक रोगाचा माणूस आढळला तर कळवावं आणि भाड्याचे दर सर्वांना दिसतील असे लावावेत. लॉजच्या काउंटरमागे काचेच्या चौकटीत टांगलेलं दरपत्रक आपण पाहतो, त्याचा पूर्वज हा. दर भिंतीवर लागला म्हणजे तो सगळ्यांसाठी एकच झाला असं वाटावं. तसं झालं नाही, याचा पुरावा पन्नास वर्षांनंतरचा आहे.

सप्टेंबर १९१७. न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर करारानुसार बडोदा सरकारच्या नोकरीत हजर व्हायला निघाले. बडोद्यात हिंदूंच्या ‘विशी’ होत्या, म्हणजे खानावळवजा उतरायच्या जागा. तिथं आपल्याला कुणी घेणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. एक पारशी सराई होती. तिथल्या म्हाताऱ्या रखवालदाराला, हा पाहुणा पारशांचा पवित्र सदरा घालत नाही म्हणजे पारशी नाही, हे लगेच कळलं. दोघांनी मिळून वाट काढली. वहीत पारशी नाव लिहायचं आणि रोज दीड रुपया द्यायचा. वर अडगळीनं भरलेलं एक मोठं, अंधारं दालन होतं आणि एक कंदील. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत निघून जायला सांगून गेले. एक मित्र हिंदू होता, दुसरा ख्रिस्ती. दोघांनीही घरी ठेवून घेतलं नाही. रात्रीच्या गाडीपर्यंतचा वेळ बाबासाहेबांनी कामाठी बागेत बसून काढला.

हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. त्या लेखनाचं नाव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. ते मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा नावाचा अर्थ लागायला वेळ लागला होता. आपल्याच देशात, खिशात पैसे आणि नावापुढे पदव्या असलेल्या माणसाला एका रात्रीच्या खोलीसाठी परवाना हवा होता, हे त्या चार शब्दांत आहे.

१९२० साली ते लंडनला पुन्हा गेले आणि १९२१-२२ मध्ये प्रिमरोज हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड या घरात भाड्यानं राहिले. तिथं वहीत खोटं नाव लिहावं लागलं नाही. याच शहरात १९१८-१९ मध्ये लोकमान्य टिळक चिरोल खटल्यासाठी आले होते. ते १०, हाउली प्लेस इथं राहत आणि त्या घरावर आता त्यांच्या नावाची पाटी आहे. पण लंडनच्या दारालाही प्रश्न होताच, तो वर्णाचा. १९४३ साली वेस्ट इंडीजचा क्रिकेटपटू लीअरी कॉन्स्टंटाइन याला रसेल स्क्वेअरच्या इम्पीरियल हॉटेलनं कुटुंबासह ठेवून घ्यायला नकार दिला. तो कोर्टात गेला आणि १९४४ मध्ये जिंकला. नुकसानभरपाई मिळाली पाच गिनी. रक्कम किरकोळ. पण पाहुणा पैसे देतो आणि सभ्य आहे, मग त्याला नाकारता येणार नाही, हे एका न्यायाधीशानं म्हणून ठेवलं, याचं मोल मला फार वाटतं.

आपल्याकडे हे काम संविधानानं केलं. पंधराव्या अनुच्छेदात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं यांच्यासोबत हॉटेलांचा उल्लेख स्पष्ट आहे. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्यात धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना हे तिन्ही शब्द घातले गेले. बडोद्याच्या त्या जिन्यावरून उतरलेल्या माणसाच्या अध्यक्षतेखाली संविधानाचा मसुदा तयार झाला, हे या ठिकाणी आठवल्याशिवाय पुढे जाववत नाही. कायद्याच्या आधी पंढरपुरात गाडगे महाराजांनी चोखामेळा धर्मशाळा उभी केली होती, ज्यांना इतर धर्मशाळांत पाय ठेवता येत नव्हता त्यांच्यासाठी. १९४९ साली महाराजांनी ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली.

पुण्यात मधल्या काळात मुक्कामाच्या खोलीला निरनिराळी नावं मिळत गेली. ‘बोर्ड अँड लॉजिंग’ हे इंग्रजांकडून आलं आणि आपण त्याचे दोन तुकडे केले. बोर्ड म्हणजे जेवणाचं मेज, पण आपल्याकडे बोर्डिंग म्हणजे विद्यार्थ्यांचं वसतिगृह झालं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून एकेका समाजासाठी बोर्डिंगं काढली त्यामुळे हा अर्थ घट्ट झाला असावा. पुण्यात शिकायला आलेला गरीब मुलगा आधी माधुकरी मागे किंवा वार लावून जेवे, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. वार लावतानाही जात आणि शाखा विचारली जाई. मग खानावळी आल्या. टिळक रोडवरच्या ‘बादशाही’च्या नावात बोर्डिंग हा शब्द आहे, तरी पुणेकरांसाठी ती जेवायचीच जागा राहिली.

लक्ष्मी रस्त्यावरचं ‘पूना गेस्ट हाउस’ या सगळ्यात वेगळं. मूकपटांचे दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी ते १९३५ साली काढलं आणि पुढे चारुदत्त सरपोतदार म्हणजे चारुकाका यांनी सांभाळलं. नाटकाच्या, तमाशाच्या, चित्रपटाच्या माणसांचं ते हक्काचं घर होतं. दौऱ्यावर आलेला नट, काम शोधायला आलेला वादक इथं टेकायचा आणि पैशांचा तगादा नसायचा, असं जुन्या कलावंतांकडून वर्षानुवर्षं ऐकायला मिळालं आहे. धर्मशाळेची माया आणि हॉटेलची पाटी एका जागी आली, ती इथं.

आणि मग पुण्याचा स्वतःचा शब्द, ‘कॉट बेसिस’. खोलीही नाही, खोलीतली एक खाट भाड्यानं घ्यायची. सदाशिव आणि नारायण पेठेतल्या जुन्या वाड्यांत, नंतर इमारतींच्या तिसऱ्या मजल्यांवर चार-चार, सहा-सहा खाटा. खाटेखाली पत्र्याची पेटी, भिंतीत खिळा, बाहेर सामाईक नळ. नांदेड, लातूर, सोलापूरची, विदर्भातली मुलं या खाटांवरून स्पर्धा परीक्षा देतात, दिवसभर अभ्यासिकेत आणि रात्री झोपायला कॉटवर. माझ्या शाळासोबत्यानं अशा एका वाड्यात पाच वर्षं काढली. घरमालकीणबाई चांगल्या होत्या, आजारपणात पेज करून देत. पण पहिल्या दिवशी त्यांनी नाव विचारलं, त्यानं पहिलं नाव सांगितलं, आणि त्या म्हणाल्या, ‘पुढे?’ ते ‘पुढे?’ त्याला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. पुण्यात जागा शोधलेल्या किती जणांना ते ऐकू येत असेल. अनुच्छेद पंधरा हॉटेलच्या काउंटरपर्यंत पोचतो, घरमालकाच्या दिवाणखान्यात त्याचा हात पुरत नाही. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची, हा कोतवालीचा भाग मात्र तिथंही नेमानं पाळला जातो.

लॉजची कथा थोडक्यात सांगता येईल. स्टेशन आणि स्वारगेटच्या आसपास, ‘गरम पाणी सकाळी ६ ते ९’ अशी पाटी, जाड नोंदवही, ‘येण्याचे कारण’ हा रकाना. तिथं जातीचा प्रश्न मागं पडला आणि नात्याचा पुढं आला. सोबतची बाई कोण, लग्न झालंय का? जानेवारी २०२५ मध्ये ‘ओयो’नं मेरठमधल्या हॉटेलांना अविवाहित जोडप्यांना नाकारण्याची मुभा दिली, तेव्हा तोच रकाना मोबाइलच्या पडद्यावर आला.

युरोपातल्या स्वस्त हॉटेलनं वेगळी वाट धरली. १९८५ साली फ्रान्समध्ये ‘फॉर्म्युल वन’ सुरू झालं. कारखान्यात तयार केलेल्या एकसारख्या छोट्या खोल्या, संडास-न्हाणी बाहेर सामाईक, आणि रात्री काउंटरवर माणूसच नाही. दाराशी यंत्र, त्यात बँकेचं कार्ड घालायचं आणि आत जायचं. खर्च वाचवण्यासाठी केलेली ही युक्ती. पण ज्यानं आयुष्यभर ‘पुढे?’ ऐकलं आहे, त्याला ते मुकं यंत्र किती सभ्य वाटेल, असं मला त्याविषयी वाचताना वाटलं होतं.

अर्थात त्या यंत्रापर्यंत पोचायला हवं. १९७०च्या आसपास परदेशी निघालेल्या पुणेकराच्या खिशात आठ डॉलर असत, सरकार तेवढेच नेऊ देई. त्यामुळे मुक्काम कुणा ओळखीच्याच्या ओळखीच्याकडे, बैठकीच्या खोलीतल्या सोफ्यावर, म्हणजे पुन्हा ओसरीवरच. आज वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवायची मुभा आहे. आता अडचण पैशाची कमी आणि कागदाची जास्त. शेंगेन व्हिसाच्या अर्जासोबत राहण्याच्या सोयीचा पुरावा जोडावा लागतो. आधी खोली, मग परवाना. आम्ही फेब्रुवारीत पुण्यात बसून त्या हॉटेलची खोली राखून ठेवली, त्याची छापील प्रत फाइलमध्ये लावली आणि सहा आठवडे वाट पाहिली.

पाचव्या दिवशी सकाळी किल्ली परत करताना काउंटरच्या आतल्या बाजूला लोखंडी चिमट्याखाली त्या कागदांचा गठ्ठा दिसला. तरुण आमचा हिशोब करत होता. वरचा कागद डाकारच्या कुणाचा तरी, त्याखालचा कासाब्लांकाचा. मग माझं अक्षर. घाईत मी पत्त्यात ‘भिकारदास मारुतीजवळ’ असंही लिहून टाकलं होतं, रोमन लिपीत, रकान्याबाहेर जाऊन.